ताऱ्यांचा पट आणि माणसांचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. मी सत्र परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो आणि पलीकडे आमचा थोरला लॅपटॉपवर त्याचा तो अंतराळातल्या साम्राज्यांचा खेळ खेळत होता. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. मध्येच तो वैतागून म्हणाला, "लोगां भोत हो गये अब्बा. थोडे कम करना पडते."

माझा लाल पेन थांबला. घरात आम्ही दखनी बोलतो, तेव्हा वाक्य कळायला अडचण नव्हती. पण कोण लोक, आणि कमी करायचे म्हणजे कसे?

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. खेळाचे नाव स्टेलारिस. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा, २०१६ साली आलेला. याने सगळ्यात मोठा, हजार ताऱ्यांचा नकाशा घेतला होता. खेळ सुरू होतो इसवी सन २२०० मध्ये आणि हा पोहोचला होता २३९१ मध्ये. सुरुवातीला वर्षे भराभर सरत. आता एक-एक महिना रखडत सरत होता आणि प्रत्येक महिन्याच्या १ तारखेला तर सगळे गोठूनच जात होते. (महिन्याची १ तारीख कशी अडते, हे शिक्षकाला कोणी सांगायला नको.) खेळणाऱ्यांमध्ये यावर एक विनोद फिरतो, जो अर्धा विनोद आणि अर्धा उपाय आहे: परक्या वंशाचे लोक संपवा, त्यांचे ग्रह उडवून द्या, म्हणजे कॉम्प्युटर मोकळा श्वास घेईल. खेळात तशी सोय आहे.

"नाहीतर नवा लॅपटॉप," त्याने दुसरा पर्याय ठेवला.

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले, आमच्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे डोके खाऊन जे समजून घेतले, ते इथे लिहितो आहे. लॅपटॉपच्या खरेदीसाठी सुरू झालेला शोध पन्नास वर्षांच्या तवारीखपर्यंत गेला.

सुरुवात शतरंजपासून करतो, कारण तो पट माझ्या ओळखीचा आहे. शतरंज शोधणाऱ्या सिस्साचा किस्सा तुम्हाला ठाऊक असेल. बादशहाने इनाम विचारले तेव्हा त्याने पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरून मागितली. तेराव्या शतकात इब्न खल्लिकानने हा किस्सा नोंदवला. त्याच्या अडीचशे वर्षे आधी अल-बिरूनीने 'आसार अल-बाकिया' या ग्रंथात या दुपटीच्या बेरजेचे गणित मांडले होते. उत्तर येते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आता १९७१ साल. अमेरिकेत माइक मेफिल्ड नावाच्या शाळकरी तरुणाने त्या काळच्या मोठ्या कॉम्प्युटरवर 'स्टार ट्रेक' नावाचा खेळ लिहिला. पडदा नाही, टेलिप्रिंटर कागदावर अक्षरे उमटवणार, ती वाचून आपण पुढचा हुकूम द्यायचा. नकाशा होता आठ बाय आठचा, म्हणजे शतरंजच्या पटाएवढाच, चौसष्ट घरांचा. आणि प्रत्येक घरात शिरले की आत पुन्हा आठ बाय आठची घरे. एकूण ४,०९६.

तेव्हाच्या यंत्राला एवढे लक्षात ठेवणे जड होते. म्हणून एक तोड काढली. प्रत्येक मोठ्या घरासाठी फक्त एक तीन आकडी संख्या ठेवायची. समजा २०७. म्हणजे शत्रूची जहाजे दोन, तळ एकही नाही, तारे सात. बस्स. ते कुठे आहेत हे यंत्राला माहीतच नसे. तुम्ही त्या घरात शिरलात की ते सात तारे यंत्र वाटेल तिथे मांडून टाकी. बाहेर पडून परत आलात तर तारे तेच सात, पण जागा बदललेल्या! खेळणाऱ्यांचे यावाचून काही अडले नाही. आकाश मोठे दाखवायचे तर त्यातले बरेचसे विसरून जावे लागते, ही युक्ती पहिल्याच पिढीला सापडली होती.

१९८४ मध्ये तिची कमाल झाली. केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल, यांनी 'एलिट' हा खेळ बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहिला. त्या यंत्राची स्मृती ३२ किलोबाइट. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो त्याहून जड असतो. त्यात त्यांनी आठ दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रहमंडळे; म्हणजे २,०४८ जगे, प्रत्येकाला नाव, राज्यपद्धती, बाजारभाव. हे त्यांनी साठवलेच नव्हते. तीन संख्यांचे एक बीज घ्यायचे, त्यांची ठरावीक रीतीने बेरीज करत पुढची संख्या काढायची आणि त्या संख्येतूनच ग्रहाचे नाव-गाव ठरवायचे. तेच बीज, तीच बेरीज, म्हणून दर वेळी तोच ग्रह. जोडीने मुळात दोनचा अठ्ठेचाळिसावा घात एवढ्या, म्हणजे २८१ लाख कोटींहून जास्त दीर्घिका ठेवायचे योजले होते. प्रकाशक एकॉर्नसॉफ्टने त्यांना आठवर आणले. कारण मोठे शहाणपणाचे होते: इतके मोठे आकाश दाखवले तर ते गणिताने पाडलेले आहे, हे लोकांना कळून येईल.

मग प्रश्न पडतो. १९८४ मध्ये ३२ किलोबाइटमध्ये दोन हजार जगे मावली, तर आज त्याच्या लाखो पट स्मृती असलेल्या लॅपटॉपला हजार तारे का पेलत नाहीत?

उत्तर असे की एलिटमधली जगे एकमेकांशी बोलत नाहीत. खेळणारा जिथे नाही तिथे काहीच घडत नाही. तिथे कोणी जन्मत नाही, कर भरत नाही, बंड करत नाही. तारा स्वतः फार स्वस्त असतो. समरकंदच्या उलुग बेगने १४३७ मध्ये पूर्ण केलेल्या ताऱ्यांच्या यादीत १,०१८ तारे आहेत, म्हणजे स्टेलारिसच्या सगळ्यात मोठ्या नकाशाहून थोडे जास्तच. प्रत्येकापुढे आकाशातली जागा आणि तेजाची प्रत एवढे लिहिले की नोंद पुरी. ती सगळी यादी एका पुस्तकाच्या पोटात मावते. महाग पडतात ती ताऱ्यांवर राहणारी माणसे आणि ताऱ्यांमधल्या वाटा.

डावपेचांच्या खेळात नेमकी हीच दोन ओझी येतात. १९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन' आला. त्याच्याबद्दल लिहिताना ॲलन एमरिच या समीक्षकाने शोधा, पसरा, राबवा, संपवा अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द वापरले. चौघांतही एक्स हे अक्षर ठळक, म्हणून या जातीच्या खेळांना आजतागायत 'फोर-एक्स' म्हणतात. (चौथा शब्द आमच्या थोरल्याच्या तोंडी त्या रात्री आलाच होता.) त्या खेळात सगळ्यात लहान नकाशा २४ ताऱ्यांचा, सगळ्यात मोठा १०८ ताऱ्यांचा. २४ ताऱ्यांत दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर २७६ होतात. १०८ ताऱ्यांत ५,७७८. तारे साडेचार पट, पण जोड्या एकवीस पट! आणि कॉम्प्युटरच्या बाजूने खेळणाऱ्या प्रत्येक राजाला कोणावर चालून जायचे, कोणाला राखायचे, कोणती वाट जवळची, हे जोड्यांच्या हिशेबाने ठरवावे लागते. हजार ताऱ्यांत अशा ४,९९,५०० जोड्या होतात.

गंमत म्हणजे १९९६ मध्ये याच खेळाचा दुसरा भाग आला तेव्हा यंत्रे तीन वर्षांनी नवी होती, तरी सगळ्यात मोठा नकाशा आक्रसून सत्तरच्या आसपास ताऱ्यांवर आला. कारण पहिल्या भागात एका ताऱ्याला एकच ग्रह होता, दुसऱ्यात पाचपर्यंत ग्रह आले आणि प्रत्येक ग्रहावरच्या माणसांना शेत, कारखाना, प्रयोगशाळा अशी कामे वाटून द्यायची सोय आली. तारे कमी झाले, माणसे वाढली. मला विचाराल तर दुसरा नकाशाच मोठा.

हे दोन्ही खेळ पाळीपाळीने खेळायचे होते. तिथे यंत्र मंद असले तर फक्त थांबावे लागे. पाळी संपवली, चहा ठेवून आलात की राजे आपापल्या चाली करून बसलेले असत. पण ज्या खेळात घड्याळ सतत चालू असते, तिथे यंत्राचा थकवा थेट काळात उतरतो. महिना लांबतो.

इथे दोन भिंती आडव्या आल्या. पहिली स्मृतीची. कॉम्प्युटरमधल्या स्मृतीच्या प्रत्येक कप्प्याला घरक्रमांक असतो. ३२ बिटच्या यंत्रात हा क्रमांक जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो. आता सिस्साचा पट आठवा. पहिली बत्तीस घरे, म्हणजे अर्धा पट भरला की गव्हाचे दाणे नेमके एवढेच होतात. हे चार गिगाबाइट झाले, आणि त्यातले निम्मे विंडोज स्वतःकडे ठेवून घेई. खेळाच्या वाट्याला उरत दोन गिगाबाइट. लॅपटॉपमध्ये आठ गिगाबाइटची रॅम घाला की सोळाची, त्या खेळाला दोनच्या पुढचे घर दिसतच नसे. २००८ चा 'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर' या भिंतीवर आदळत असे. मोठा नकाशा, वर हौशी लोकांनी जोडलेली नवी जहाजे, आणि ऐन लढाईत खेळ बंद पडे. २०१५ मध्ये स्टारडॉक कंपनीने 'गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स'चा तिसरा भाग फक्त ६४ बिटच्या यंत्रांसाठी काढला, जुनी यंत्रे असलेल्यांना सरळ बाहेर ठेवून. नकाशांच्या आकारांत त्यांनी एक आकार 'इनसेन', म्हणजे वेडपट, या नावाचा ठेवला. ६४ बिटमध्ये घरक्रमांक कुठवर जातो? अल-बिरूनीच्या त्या पूर्ण पटाच्या आकड्यापर्यंत. हजार वर्षांपूर्वीची बेरीज आपल्या खिशातल्या फोनमध्ये बसलेली आहे, हे कळल्यावर मी त्या रात्री बराच वेळ गच्चीवर फिरत होतो.

स्मृतीची भिंत अशी पडली. दुसरी अजून उभी आहे. ती आहे वेगाची. १९९० च्या दशकात दर दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर इतका वेगवान होई की आज अडखळणारा खेळ परवा आपोआप धावू लागे. मग २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झची पेंटियम चिप रद्द केली. चिपा फार तापू लागल्या होत्या. तेव्हापासून कंपन्यांनी एका चिपेत दोन, चार, आठ कोअर बसवायला सुरुवात केली: एक धावणारा घोडा आणखी पळेना, म्हणून चार घोडे जुंपले.

पण चार घोड्यांचे काम एका घोड्याच्या वाटणीत कसे वाटायचे? पेपर तपासणे वाटता येते. चारशे पेपर आहेत, चार शिक्षकांनी शंभर-शंभर घेतले, काम चौथाई वेळात संपले. शतरंजचा डाव मात्र चौघांत वाटून चौपट वेगाने संपवता येत नाही. माझी चाल झाल्याशिवाय तुमची ठरत नाही. साम्राज्यांचा खेळ बराचसा या दुसऱ्या जातीचा आहे. एका ग्रहावर धान्य कमी पडले म्हणून तिथली माणसे निघाली, ती दुसऱ्या ग्रहावर गेली, तिथे कामे पुरेनात, म्हणून तिथला असंतोष वाढला. यातले दुसरे पहिल्यावाचून मोजता येत नाही. 'सिन्स'चा पहिला भाग जवळपास सगळे ओझे एकाच कोअरवर टाकत असे. ते वाटून घेणारा दुसरा भाग पुरा व्हायला २०२४ साल उजाडले.

एका खेळाने तर हार सरळ कबूल केली, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडला. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन'. काटेकोर अर्थाने तो या जातीचा नाही, पण त्यात हजारो खरी माणसे एकाच आकाशात एकमेकांविरुद्ध फौजा उभ्या करतात. एकाच ताऱ्यापाशी दोन-अडीच हजार लोक जमले की कंपनीचा सर्व्हर धापा टाकू लागे. तेव्हा त्यांनी त्या ताऱ्यापुरता काळच मंद करायची सोय केली, गरज पडल्यास दहाव्या हिश्शापर्यंत. खेळातला एक मिनिट म्हणजे आपली दहा मिनिटे. २७ जानेवारी २०१४ ला एका गटाच्या हातून एका ताऱ्याच्या ताब्याचे ठरलेले देणे भरायचे राहून गेले, ताबा सुटला आणि बी-आर-फाइव्ह-आर-बी या ताऱ्यापाशी लढाई पेटली. ती साधारण एकवीस तास चालली. साडेसात हजारांवर माणसे तीत येऊन गेली आणि टायटन नावाची पंचाहत्तर राक्षसी जहाजे बुडाली. माणसे कामावर जाऊन परत आली तरी लढाई तिथेच होती.

आता पुन्हा आमच्या घरातल्या लॅपटॉपकडे.

स्टेलारिसची दहा वर्षांची कहाणी म्हणजे माणसे मोजायची कशी, याची कहाणी आहे. २०१६ मध्ये प्रत्येक ग्रहावर चौकोनी घरे होती, जास्तीत जास्त पंचवीस, आणि एका घरात लोकसंख्येचे एक एकक. पट ठरलेला, म्हणून हिशेब ठरलेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी प्रवासाच्या तीन पद्धतींपैकी सुरुवातीसाठी एकच ठेवली: ताऱ्या-ताऱ्यांमधले ठरलेले रस्ते. कारण मुख्यतः युद्धाचे होते. शत्रू कुठूनही टपकत असेल तर सरहद्दीवर किल्ला बांधून उपयोग काय? पण वाटांचा पसाराही त्याने आवरला असणार, असे माझे गणित सांगते. त्याच वर्षी डिसेंबरात घरे काढून टाकली. ग्रहावर आता कामे आली आणि माणसे त्या कामांसाठी धावू लागली. खेळ जास्त जिवंत झाला, आणि इथेच तो बसला. कारण प्रत्येक एककाला पुन्हा पुन्हा विचारायचे: तू कोण, तुझी लायकी काय, यातले कोणते काम तुला जास्त शोभेल? डाव उतरणीला लागेपर्यंत अशी एकके हजारोंच्या घरात जातात. तेव्हा लॅपटॉप अडला होता तो तारे मोजताना नव्हे. तो बेरोजगारांना काम शोधून देत होता.

एप्रिल २०२१ मध्ये उपाय आला तो जन्मदर घटवण्याचा. साम्राज्याची एकूण लोकसंख्या जितकी जास्त, तितकी पुढची वाढ सावकाश. खेळणारे नाराज झाले. आपल्या नव्या वसाहतीत मूल जन्माला येत नाही, कारण दूरच्या राजधानीत गर्दी आहे, हे कोणत्या इतिहासात बसते? पण ते इतिहासासाठी नव्हतेच, प्रोसेसरसाठी होते. मे २०२५ मध्ये चौथी मोठी आवृत्ती आली आणि तिने एककच मोडले. आता एकेकट्याला विचारायचे नाही. एका वंशाचे, एका थराचे, एका विचाराचे जे असतील त्यांचा एक गठ्ठा करायचा आणि हिशेब गठ्ठ्याचा ठेवायचा. सुरुवातीचे काही आठवडे चुकाच इतक्या निघाल्या की लोक हैराण झाले. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या आल्या.

हे वाचताना मला २०११ ची जनगणना आठवली. मी प्रगणक होतो. उन्हात घरोघर फिरून प्रत्येकाचे नाव, वय, शिक्षण, मातृभाषा लिहून घेतली होती. एका आजीने मातृभाषेच्या रकान्यापाशी मला बराच वेळ अडवून धरले. घरात एक बोलतो, बाजारात दुसरी, नमाजीला तिसरी, तर तू लिहिणार कोणती? मी एकच लिहिली, रकाना एकच होता. पुढे त्या कागदांचे आकडे झाले. लाखो माणसांचा हिशेब एकेकाला विचारत बसून होत नाही, हे मला कळते. १९७१ च्या त्या तीन आकडी संख्येपासून २०२५ च्या गठ्ठ्यांपर्यंत खेळ बनवणारे हेच करत आले. पण विसरणे वेगळे, गठ्ठा बांधणे वेगळे, आणि यंत्र हळू चालते म्हणून माणसे संपवणे वेगळे. माणसे खोटी असली तरी. पहिल्या दोहोंत हिशेब मांडणाऱ्याची अडचण आहे. तिसऱ्यात ती अडचण माणसांच्या डोक्यावर मारली जाते.

थोरल्याला मी हे असे सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने हेडफोन लावला असता. मी त्याला जोड्यांचे गणित करून दाखवले, चारशे ताऱ्यांचे आणि हजार ताऱ्यांचे. ७९,८०० आणि ४,९९,५००. बारावीला गणित आहे, त्याला ते लगेच पटले. मग त्याने स्वतःच सांगितले की नवा डाव सुरू करताना राहण्याजोग्या ग्रहांचे प्रमाण निम्मे करता येते, प्रतिस्पर्धी राजेही कमी ठेवता येतात. नव्या लॅपटॉपने थोडा फरक पडला असता, हेही मी लपवले नाही. एका कोअरचा वेग जास्त असेल तर महिना लवकर सरतो. पण तोही डाव दीडशे वर्षांनी तिथेच येऊन थांबला असता.

सध्या तो चारशे ताऱ्यांवर खेळतो आहे. खरेदी पुढच्या वर्षावर गेली.

जुना हजार ताऱ्यांचा डाव त्याने पुसला नाही. मी परवा उघडून पाहिला. सगळे वंश आपापल्या ग्रहांवर तसेच आहेत, आणि तारीख २३९१ मधल्या एका महिन्याची ३० आहे.